अखेरच्या दिवसांची सेवा : पारखून घ्या, मगच विश्वास टाका

सूत घेताना आपण काउंट विचारतो, धागा ओढून त्याची मजबुती पाहतो. चामडे घेताना ते हाताने चोळतो, लाकूड घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो. शंभर रुपयांच्या मालासाठी चार दुकाने फिरणारा हाच माणूस, घरातले वडीलधारे असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले की मात्र गोंधळून जातो. कोणी सांगेल तो दवाखाना, कोणी देईल तो नंबर. मग मशीन विकले जाते, दुकानावर कर्ज चढते, आणि एवढे करूनही रुग्ण रात्रभर वेदनेने तळमळत राहतो.

इलाजाने बरा न होणाऱ्या रुग्णाला दिलासा देणाऱ्या सेवेला हॉस्पिस म्हणतात. ही सेवा चांगली की वाईट हे पारखता येते. त्यासाठी डॉक्टरकीचे शिक्षण लागत नाही. काय विचारायचे आणि काय पाहायचे, एवढे माहीत असले की पुरे.

हॉस्पिस म्हणजे काय, काय नव्हे

हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. ब्युरोतून येणारी आया म्हणजेही हॉस्पिस नव्हे. आजार हटवता येत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट केल्यावर वेदना, धाप, उलट्या, जखमा यांचा त्रास कमी करणे आणि घरच्यांना आधार देणे हे हॉस्पिसचे काम. ही सेवा मृत्यू लांबवत नाही, तसा तो जवळही आणत नाही. म्हणून 'हे तर माणसाला मारण्यासारखे' हा समज चुकीचा आहे.

या सेवेला आजचे रूप लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या डॉक्टर बाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मिळाले. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्याला, १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा यांनी सुरू केले. तेच शांती आवेदना सदन. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या रुग्णांची सेवा मोफत होते, आणि रुग्णाचा धर्म विचारला जात नाही. परळच्या टाटा रुग्णालयाचा स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभाग आहे. मालेगाव, भिवंडी, सोलापूरहून टाटाला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या विभागाची चौकशी पहिल्याच फेरीत करावी. 'आता काही उरले नाही' असे ऐकल्यावर घाईने धावाधाव करण्यापेक्षा ते बरे.

काही ठिकाणी रुग्णाला दाखल करून घेतात, काही संस्था घरी येऊन सेवा देतात. खालच्या कसोट्या दोन्हींना लागू आहेत.

पहिली कसोटी : मॉर्फिन आहे काय?

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली. साध्या गोळीपासून सुरुवात करायची, मग सौम्य अफूजन्य औषध, आणि वेदना तीव्र असेल तर मॉर्फिन. ही गोळी महाग नाही. अडचण होती कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक परवाने लागू लागले, आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने हे जाळे सैल झाले. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी पुरते.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : 'तुमच्याकडे तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी कायम असते काय? साठा संपला तर काय करता?' उत्तर टाळाटाळीचे आले, किंवा 'ते लागत नाही, आम्ही झोपेचे इंजेक्शन देतो' असे आले, तर तेथून उठा. झोप लावणे वेगळे आणि वेदना थांबवणे वेगळे.

पुढे पाहा की रुग्णाला वेदना किती आहे हे विचारतात काय. चांगला डॉक्टर किंवा नर्स '० ते १० मध्ये किती?' असे विचारून आकडा लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी वेळेवर द्यायची असते, रुग्ण ओरडल्यावर नव्हे. तिच्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचे औषध सोबत द्यावे लागते. ते लिहून दिले नसेल तर देणाऱ्याचे प्रशिक्षण कच्चे आहे असे समजावे.

'याची सवय लागेल', 'हे नशेचे आहे, हराम आहे' अशी भीती घरोघरी असते. जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होत नाही. शंका उरलीच तर आपल्या आलिमांना विचारा, पण विचारताना औषध नशेसाठी नाही, वेदनेसाठी आहे, ही पूर्ण हकीकत त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी कसोटी : रात्री फोन कोण उचलतो?

दिवसा सगळेच गोड बोलतात. धाप लागते ती रात्री दोनला. तेव्हा फोन कोण उचलणार, तो डॉक्टर असेल की वॉचमन, आणि रुग्णाची फाइल त्याच्यासमोर असेल काय, हे विचारा. घरी येणारी संस्था असेल तर आठवड्यातून किती फेऱ्या, कोण येणार, त्रास वाढला तर दाखल करून घेणार काय, हे ठरवून घ्या. शक्य असेल तर करार करण्यापूर्वी एकदा रात्री फोन लावून पाहा.

आणखी एक प्रश्न आपल्या समाजाने विसरू नये. घरीच इंतकाल झाला तर मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला कोण देणार, आणि किती वेळात? त्या कागदावाचून शहरातल्या कब्रस्तानात दफन अडते. मय्यत लवकर दफन व्हावी ही आपली रीत. ऐन वेळी अनोळखी डॉक्टर शोधत फिरण्याची पाळी अनेक कुटुंबांवर येते. चांगली संस्था ही बाब आधीच सांगून ठेवते.

तिसरी कसोटी : अंगाची निगा

दाखल करण्याआधी वॉर्ड पाहू द्या म्हणावे. नाही म्हणणाऱ्या जागी रुग्ण ठेवू नये. आत गेल्यावर फरशीची चमक पाहू नका. नाकाने पाहा. कॅन्सरची जखम चिघळली की तिला दुर्गंधी येते. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकून ती दुर्गंधी खूपच कमी करता येते. हा उपाय स्वस्त आणि सोपा आहे. तरीही वॉर्डात वास दरवळत असेल तर ड्रेसिंग वेळेवर होत नाही असे समजा.

हलता न येणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात काय? पाठीवर, टाचांवर जखमा आहेत काय? ओठ आणि जीभ ओली ठेवतात काय? रुग्णाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर तेथे क्षणभर थांबू नका. घरच्या माणसाला कूस बदलणे, नळीची स्वच्छता, ड्रेसिंग शिकवणारी संस्था चांगली समजावी. सगळे आपल्याच हातात ठेवून घरच्यांना दूर ठेवणारी संस्था संशयास्पद.

चौथी कसोटी : खरे सांगतात काय?

ही कसोटी कारागीर-व्यापाऱ्यासाठी सर्वांत मोठी आहे. घरचे म्हणतात, 'अब्बांना सांगू नका, धीर सोडतील.' डॉक्टरही मान डोलावतो. पण ज्याने चाळीस वर्षे धंदा केला त्याच्या डोक्यात किती गोष्टी असतात! कोणाची उधारी येणे आहे, कोणाची देणे आहे, भागीदाराशी तोंडी काय ठरले आहे, कोणाची अमानत कपाटात आहे, बीवीचा मेहर थकलेला आहे काय. हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. कर्ज फेडल्याशिवाय वारसांचा वाटा निघत नाही, आणि थकलेला मेहर हेही कर्जच. वसियत करायची तर ती एक तृतीयांशापर्यंत. हे सारे शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर करायचे असते.

खोटा धीर देणारा डॉक्टर रुग्णाचा हाच वेळ हिरावून घेतो. बाप गेल्यावर भावाभावांत दुकानाचा तंटा कोर्टात जातो, तेव्हा त्याचे मूळ अनेकदा या न सांगितलेल्या गोष्टीत असते. चांगल्या हॉस्पिसमध्ये रुग्णालाच हळुवारपणे विचारतात : 'तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?' तो जितके विचारेल तितके खरे सांगतात, विचारले नाही तर लादत नाहीत. त्याला कोणाची माफी मागायची असेल, कोणाला बोलवायचे असेल तर मदत करतात.

अखेरीस व्हेंटिलेटर लावायचे की नाही, हेही आधी बोलून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये माणसाला याबाबतची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करून हा कागद करता येतो. त्यापूर्वी आलिमांचा सल्ला जरूर घ्यावा.

पाचवी कसोटी : दीनाचा आदर

रुग्णाला किबला कोणत्या बाजूस हे सांगतात काय? पलंगाजवळ तयम्मुमची सोय ठेवू देतात काय? लघवीची नळी किंवा पोटावरची पिशवी असलेल्या रुग्णाला 'आपली नमाज होत नाही' याचे दुःख आजारापेक्षा मोठे असते. माजूर माणसासाठी सवलती आहेत, आणि इशाऱ्याने नमाज अदा करता येते, हे आलिम येऊन समजावू शकतात. त्यांना येऊ देणारी जागा हवी. स्त्री रुग्णासाठी स्त्री नर्स, हलाल जेवण किंवा घरचा डबा, अखेरच्या घडीला कलमा पढण्यासाठी घरच्यांना जवळ बसू देणे, हे सर्व आधीच विचारून ठेवावे. रमजानमध्ये रोजाचा आग्रह धरणाऱ्या वडिलांना डॉक्टर नुसते रागावतो, की बारा तास टिकणाऱ्या गोळ्यांसारखा पर्याय शोधतो, यावरूनही माणूस कळतो.

खर्चाचा हिशेब

मोफत संस्था असेल तरी तिची नोंद पाहा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते. खासगी नर्सिंग होमने राज्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. पलंग, औषधे, आया, ऑक्सिजन, ॲम्ब्युलन्स यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. अनामत परत मिळणार काय, हे पावतीवर लिहून घ्या. विम्याच्या पॉलिसीत घरी दिलेल्या सेवेचा खर्च बसतो काय, हे कंपनीला लेखी विचारा.

बरे होणार नाही हे ठरलेल्या रुग्णाच्या रोज रक्ततपासण्या, वारंवार स्कॅन आणि बाटल्यांवर बाटल्या चालल्या असतील तर प्रत्येक वेळी एकच प्रश्न करा : 'याने त्यांचा त्रास कमी होणार आहे काय?' आणि कोणी 'पक्के बरे करून देतो, आधी रक्कम भरा' म्हणाला तर तो हॉस्पिसवाला नव्हे, नुसता दुकानदार आहे, आणि त्याचा माल खोटा आहे.

आपल्या जमातीचे काम

वडिलांना हॉस्पिसमध्ये ठेवले तर 'आश्रमात टाकले' असे बोलणारे असतातच. वेदनेत ठेवणे ही खिदमत नव्हे, हे त्यांना सांगावे लागेल. पण खरे उत्तर केरळने दिले आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पुढे मलप्पुरम या मुस्लिमबहुल जिल्ह्यात ही सेवा शेजाऱ्यापाजाऱ्यांची झाली. दुकानांत दानपेट्या ठेवल्या गेल्या, सामान्य माणसांनी थोडे थोडे पैसे दिले, स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन घरोघर जाऊ लागले, नर्स आणि डॉक्टर त्यांच्या जोडीला राहिले. हे काम पाहून २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच आखले.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, मिरज येथे आपल्या व्यापारी संघटना आहेत, बैतुलमाल आहेत, मशिदींच्या जमाती आहेत. एक प्रशिक्षित नर्स, एक गाडी, मॉर्फिन ठेवणाऱ्या संस्थेशी संबंध आणि वेळ देणारे दहा तरुण, एवढ्यावर एका गावात सुरुवात होऊ शकते. जकातीचा पैसा कोठे वापरता येईल हे मुफ्तींना विचारावे, सदक्याला तर मोकळी वाट आहे. आणि संस्था उभी राहिली की वरच्या पाचही कसोट्या तिलाही लावाव्यात. आपल्या माणसांनी चालवली म्हणून सूट देऊ नये. अंथरुणावरच्या माणसाला तक्रार करायची ताकद नसते, म्हणून ती विचारपूस आपणच करायची आहे.