सूर्यास्त, चाकणची वाट आणि संध्याकाळचे ताट

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला घड्याळाचा एक विशिष्ट धाक असतो. क्लिअरिंगचे धनादेश ठरलेल्या वेळेआधी गेले तर गेले. पाच मिनिटे उशीर झाला की दिवस हातचा गेला. निवृत्तीनंतर हा धाक संपेल अशी माझी समजूत होती. परंतु आपल्या घरांत दररोज एक वेळ अशी येते की जिला मुदतवाढ नाही, आणि ती कोणतेही कार्यालय ठरवीत नाही, सूर्य ठरवितो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सूनबाई चाकणच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतात. चातुर्मासापुरता त्यांनी चौविहाराचा नियम घेतला होता. आषाढात तो सहज निभावला. कार्तिकात मात्र त्या घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळून पाऊण तास झालेला असे. दुपारी एकच्या डब्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीची नवकारसी! एका सायंकाळी त्या दारातच भोवळ येऊन बसल्या. त्या रात्री घरात विषय निघाला, की नियम सोडावा की नोकरी? तेवढ्यात नऊ वर्षांच्या नातीने मला विचारले, “दादाजी, मम्मी आपल्याबरोबर कधीच का जेवत नाही?” मी उत्तर शोधत होतो, तोच आतून सौ. म्हणाल्या, “मीही तीस वर्षे एकटीच जेवले. तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही.”

हे खरे होते. माझ्या नोकरीच्या काळात सौ. दिवस असतानाच जेवून घेत आणि माझे ताट झाकून ठेवीत. मी रात्री नऊला येऊन जेवत असे. खतावणीतील एका पैशाचा फरक शोधण्यासाठी रात्र जागविणाऱ्या मला घरातील ही तफावत कधी दिसली नाही.

आपल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास पाहिला तर ही अडचण कशी वाढत गेली ते कळते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे आकुर्डी-चिंचवड-भोसरी भागात कारखान्यांची रांग लागली. त्या पिढीतील अनेक कामगार जवळच राहत; भोंगा झाला की सायकलवर घरी. कालांतराने वस्ती निगडी-प्राधिकरण, मोशी, चिखलीपर्यंत पसरली आणि नवे मोठे कारखाने चाकणकडे गेले; फोक्सवॅगनचा प्रकल्प तेथे २००९ मध्ये सुरू झाला. चाकण ते चिंचवड अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचे. परंतु नाशिक महामार्गावर तळेगाव चौकापासून मोशीच्या इंद्रायणी पुलापर्यंत संध्याकाळी काय होते, हे वाचकांना सांगावयास नको. सव्वापाचला सुटलेली सूनबाई पावणेसातला घरात येते. चिरंजीवांचे चिंचवड स्टेशनजवळ इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान. गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी.

दुसऱ्या दिवशी मी एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिला सूर्यास्ताचा तक्ता. आपल्याकडे जुलैच्या आरंभी सूर्य सुमारे सव्वासातला मावळतो, सप्टेंबरच्या मध्यास साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान, आणि नोव्हेंबरच्या मध्यास सहाच्याही किंचित आधी. म्हणजे ज्या चातुर्मासात आपण अधिकात अधिक नियम घेतो, त्याच चार महिन्यांत संध्याकाळ सव्वा तासाने आखडते. आषाढात बसविलेले वेळापत्रक कार्तिकात कोलमडते, यात कोणाच्याही श्रद्धेचा दोष नसतो. तक्ता बदलण्याचे राहून गेलेले असते. आमच्या हिशेबाने मे ते ऑगस्टचा मध्य एवढ्या काळात सूनबाई घरी जेवू शकते. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरी व्यवस्था लावणे भाग होते.

नोकरदार आई-वडिलांना हल्ली सर्वत्र एकच सल्ला मिळतो, की रविवारी आठवड्याचे शिजवून फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज गरम करून वाढा. आपल्या स्वयंपाकघरात हा सल्ला चालत नाही. रात्र उलटलेले ओलसर अन्न आपण वासी मानतो. रात्रभर आंबविलेले पीठही अनेक घरांत वर्ज्य आहे. तेव्हा आम्ही सूत्र ठरविले: बेत रविवारी, स्वयंपाक त्याच दिवशी. आधी करून ठेवायचे ते फक्त कोरडे काम. डाळ-तांदूळ निवडून मोजून डबे भरणे, लापशीचा रवा भाजून ठेवणे, शेंगदाण्याचा कूट, खाखरे, मुगाच्या वड्या. पावसाळ्यात पीठ थोडे थोडे दळून आणायचे, ही जुनी शिस्तही त्यातच बसते.

रविवारी सकाळी अर्धा तास घरातील सर्वजण बसतात. वहीत पाच रकाने आखलेले असतात: वार, तिथी, पदार्थ, चिरणार कोण, कुकर लावणार कोण. पदार्थ ठरविणे हेच खरे ओझे असते, हे मला या वहीने शिकविले. “आज काय करू?” हा प्रश्न रोज एकाच व्यक्तीच्या माथी बसतो आणि तो चाकणहून परतताना बसमध्येही तिची पाठ सोडत नाही. तो आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून सोडविला, की निम्मा थकवा तेथेच उतरतो.

आमच्या पाच जणांच्या घरातील एक साधारण आठवडा देतो. सोमवारी खिचडी आणि कढी: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, अर्धा तास भिजवून जिरे-हिंग-मिऱ्याची फोडणी, आठ वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. ताक आधी उकळून घ्यावे व मगच बेसन लावावे, म्हणजे द्विदलाचा प्रश्न राहत नाही. मंगळवारी वरणफळे. सकाळच्या डब्यासाठी वरण करतानाच दुप्पट करावयाचे. संध्याकाळी त्यात पाणी, चिंच-गूळ घालून उकळी आली की पोळीचे शंकरपाळे सोडावयाचे. बुधवारी शेव-टोमॅटोची भाजी आणि फुलके. गुरुवारी मूगडाळीच्या पिठाची धिरडी, पीठ त्याच दुपारी कालवलेले. शुक्रवार नातीचा: दुधी, कच्ची केळी, मटार, ढोबळी मिरची शिजवून घोटलेली पावभाजीची भाजी. बटाट्याची उणीव कच्ची केळी अशी भरून काढतात, की तिच्या मैत्रिणींनाही फरक कळला नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. त्या दिवशी गट्टे, मुगाच्या वड्या किंवा दहा मिनिटांत होणारी पापडाची भाजी. चुलीपाशी चाळीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ मागणारा पदार्थ सोमवार ते शुक्रवार वहीत लिहावयाचा नाही, एवढा एकच कायदा.

चिरणे आणि कुकर लावणे हे काम आता माझ्याकडे आहे. सौ.चे गुडघे दुखतात आणि माझ्याकडे दुपार मोकळी असते. हिशेब सरळ आहे. आरंभी माझ्या फोडी पाहून सौ. म्हणाल्या होत्या, “अहो, हा दुधी आहे, पावतीपुस्तक नव्हे, एवढे मोजून कापू नका.” माझ्या वयाच्या निवृत्त बंधूंना नम्रपणे सुचवितो की, सकाळच्या बागेतील फेऱ्यांइतकाच हा व्यायामही हितकर आहे.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. पूर्वी उशीर झाला की बाहेरून मागविले जाई. आमच्या डायरीप्रमाणे पाच जणांचे एक बाहेरचे जेवण म्हणजे घरातील आठवड्याभराची डाळ-भाजी. आता पिंपरीच्या मंडईतून रविवारी एकदाच खरेदी होते, तीही वही पाहून. नाजूक भाजी आठवड्याच्या आरंभी, दुधी-तोंडली-भोपळा-कच्ची केळी शेवटी, म्हणजे टाकून द्यावे लागत नाही. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध. सूनबाई रोज त्या बाजाराच्या गावी जाते आणि ते दोन्ही न घेता परत येते, असे आम्ही थट्टेने म्हणतो. मात्र भाव भडकतात तेव्हा ही थट्टा आमच्या पथ्यावर पडते.

राहिला सूनबाईंच्या जेवणाचा प्रश्न. त्याचे उत्तर दोन डब्यांत सापडले. दुपारच्या डब्याबरोबर सप्टेंबर ते एप्रिल एक छोटा डबा जातो: मेथीचे ठेपले, भाजलेल्या डाळीची चटणी, एखादे केळे, कधी लापशी. सव्वापाचला काम संपले की त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पंधरा मिनिटे बसून तो संपवितात आणि मग पुढच्या बसने निघतात. घरी सव्वासात होतात. आधी उपाशी धावत पावणेसातला येत, आता जेवून अर्ध्या तासाने उशिरा येतात. चिरंजीवही साडेपाचला डबा दुकानातच उघडतात आणि तेवढा वेळ गल्ला नोकर सांभाळतो. दुकानदार बंधूंनी हा प्रयोग करून पाहावा. वीस मिनिटांत फारसे गिऱ्हाईक तुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग नातीच्या प्रश्नाचे काय? आई तर अजूनही तिच्याबरोबर जेवत नाहीच. हा आक्षेप मला मान्य आहे. सोमवार ते शुक्रवार, थंडीच्या दिवसांत, आम्ही एका पंगतीला बसू शकत नाही. वही कितीही आखली तरी सूर्य थांबत नाही आणि मोशीचा पूलही रुंद होत नाही. म्हणून आम्ही जेवण आणि बसणे ही दोन खाती वेगळी केली. दुकान बंद करून चिरंजीव आले की साडेआठला सर्वजण रिकाम्या टेबलाभोवती अर्धा तास बसतात. भांडी वाजत नाहीत, कोणी वाढावयास उठत नाही. नात शाळेतील सांगते, सूनबाई कारखान्यातील, आणि सौ. कधी कधी त्या तीस वर्षांतील एखादी संध्याकाळ सांगतात, जी मी तेव्हा ऐकली नव्हती. पंगत मात्र शनिवारी-रविवारी दिवसाउजेडी, सर्वांची एकत्र.

सूनबाईंची नोकरी चालू आहे आणि या वर्षीही त्यांनी नियम घेतला आहे. वहीतील सर्व पाने जमेची नाहीत. कधी महामार्ग बंद पडतो, कधी महिनाअखेरीस डबा तसाच परत येतो. त्या दिवशी शेऱ्याच्या जागी मी तांबड्या शाईने ‘येणे बाकी’ लिहितो. पुढच्या रविवारी बैठक सुरू होताना पहिला विषय तोच असतो, आणि सूनबाईंच्या आवडीचा पदार्थ त्या आठवड्याच्या बेतात सर्वांत आधी लिहिला जातो.