लोहाधारित अतिसंवाहक : दाबाचे परिणाम

लोह आणि आर्सेनिक, फॉस्फरस वा सिलिनियम यांच्या स्तरांनी बनलेली काही संयुगे विशिष्ट नीच तापमानाखाली (क्रांतिक तापमानाखाली) आपला विद्युत् रोध पूर्णपणे गमावतात. त्यांना लोहाधारित अतिसंवाहक म्हणतात. चुंबकत्व अतिसंवाहकतेला मारक असल्याने लोहाच्या संयुगांकडून फारशी अपेक्षा नव्हती. २००८ मध्ये जपानमधील हिदेओ होसोनो व त्यांचे सहकारी यांनी फ्ल्युओरीनमिश्रित लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइड २६ के. (−२४७° से.) तापमानास अतिसंवाहक होते, असे दाखविले. त्याच वर्षी सु. ४ गिगॅपास्कल दाबाखाली त्याचे क्रांतिक तापमान ४३ के. पर्यंत चढल्याचे आढळले.

दाबाचे प्रमाण : १ गिगॅपास्कल म्हणजे सु. १०,००० वातावरणे. मावळातील लोणावळे, वळवण इ. तलावांचे पाणी ५०० मी.हून अधिक खाली उतरून घाटाखालील खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रात येते. एवढ्या उंचीच्या जलस्तंभाचा तळाशी पडणारा दाब सु. ५० वातावरणे असतो. १ गिगॅपास्कल त्याच्या सु. २०० पट आहे. प्रयोगशाळेत असे उच्च दाब हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये अतिसूक्ष्म नमुना दाबून मिळविता येतात.

संरचना व चुंबकत्व : या संयुगांत लोहाचे अणू चौरस जाळीत मांडलेले असून आर्सेनिकाचे अणू त्या प्रतलाच्या वर व खाली असतात. बेरियम-लोह-आर्सेनिक संयुग सु. १४० के. खाली थंड केल्यास चौरसाच्या दोन बाजू किंचित असमान होतात, म्हणजे चतुष्कोणीय स्फटिक समचतुर्भुजी होतो. त्याबरोबरच लोहाणूंची चुंबकीय परिबले एका दिशेत समांतर व तिच्या लंब दिशेत आळीपाळीने उलट अशी पट्ट्यापट्ट्यांनी रचली जातात (प्रतिलोहचुंबकीय क्रम). दाबामुळे अणू जवळ येऊन इलेक्ट्रॉन अधिक मुक्तपणे फिरू लागतात. त्यामुळे हे दोन्ही बदल अधिकाधिक नीच तापमानाकडे सरकतात व सु. ४ गिगॅपास्कलला सु. ३० के. तापमानाची अतिसंवाहकता प्रकट होते. अन्य मूलद्रव्य मिसळूनही असाच परिणाम साधतो. परंतु त्याने परके अणू स्फटिकात शिरतात. दाबात हा दोष नसल्याने कार्यकारणाचा उलगडा अधिक स्पष्टपणे होतो.

अपवाद : दाब वाढला की चुंबकत्व घटतेच असे नाही. लोह-सिलिनियम संयुगात सामान्य दाबाला सु. ९० के. वर संरचना बदलते, पण चुंबकीय क्रम उद्भवत नाही. सु. १ गिगॅपास्कलच्या आसपास तो निर्माण होतो. तरीही क्रांतिक तापमान सु. ८ के. वरून उच्च दाबाखाली ३७ के. च्या घरात जाते. याउलट कॅल्शियम-लोह-आर्सेनिक संयुगात सु. ०·३५ गिगॅपास्कललाच शेजारच्या स्तरांतील आर्सेनिक अणूंमध्ये बंध जुळतात, स्फटिकाची उंची जवळजवळ १०% घटते आणि लोहाचे चुंबकीय परिबल नाहीसे होते. या संयुगात सु. १२ के. वर अतिसंवाहकता आढळल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले. परंतु हीलियम वापरून सर्व बाजूंनी समान दाब दिल्यावर ती दिसली नाही. म्हणून दाब किती, याइतकेच तो कसा दिला, हेही महत्त्वाचे ठरते.

स्थिर चुंबकीय क्रम अतिसंवाहकतेशी स्पर्धा करतो. मात्र तो मोडताना उरणारी चुंबकीय आंदोलनेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवीत असावीत, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. कॅल्शियम संयुगात परिबलच नाहीसे झाल्यावर अतिसंवाहकताही न मिळणे या मताशी सुसंगत आहे. तथापि सर्वमान्य सिद्धांत अद्याप प्रस्थापित झालेला नाही.