कळीचं घड्याळ

दादरला पश्चिमेकडे उतरून फूलबाजारात जायचं, तर आठला जाऊ नका. आठला नुसती डोकी दिसतात. मी पावणेपाचला गेले.

गोण्यांची तोंडं नुकती सुटत होती. ओली गोणपाटं, हमालांचं “बाजू, बाजू”, आणि दिव्यांच्या उजेडात झेंडूचे डोंगर. एका गोणीत सहज कोपरापर्यंत हात घातला. गार लागेल असं वाटलं होतं. लागलं कोमट, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. विकणाऱ्या मावशी हसल्या. “जिवंत हाय ना ते!”

मावशींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. खुडलेलं फूल लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो, साठवलेली साखर जळत राहते आणि त्यातून ऊब निघते. एकट्या फुलाची ऊब वाऱ्यावर जाते. गोणीत कोंबलेल्या फुलांची आतच कोंडते. मग श्वास आणखी वाढतो, साखर आणखी लवकर संपते, फूल मान टाकतं. म्हणून प्रवास रात्रीच्या गारव्यात उरकायचा, गोणी आली की उपसायची, माल पसरायचा, वर पाणी शिंपडायचं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचंच शास्त्र!

(जाता जाता: दसऱ्याला ज्याच्यावाचून दाराला शोभा नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पलीकडच्या टोपलीतली गुलछडीही तिकडचीच. आणि झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर कित्येक बारीक फुलांचा गुच्छ.)

पण मी थबकले ती मोगऱ्यापाशी. वसईकडची माणसं तो पहिल्यावहिल्या लोकलने घेऊन येतात. पाटीत सगळ्या घट्ट मिटलेल्या कळ्या. वाकून वास घेतला, तर जवळजवळ नाहीच! मोगरा आणि वास नाही?

मोगरा रात्रीचा गडी. अशी पांढरी, अंधारात गंधणारी फुलं निशाचर पतंगांना बोलावत असतात, त्यामुळे दिवसा सुगंध उधळणं म्हणजे उधळपट्टी. मिटलेल्या कळीत सुगंध आयता भरून ठेवलेला नसतो. पाकळ्या उलगडण्याच्या सुमारास तो तयार होतो आणि लगेच हवेत मिसळतो. नवल असं, की देठापासून तोडली तरी कळी वेळ विसरत नाही. झाड मागे वसईत राहतं, घड्याळ मात्र कळीबरोबर दादरला येतं. गजरेवाल्या भल्या पहाटे मिटलेल्या कळ्या ओवतात, त्या या घड्याळाच्या भरवशावर. सकाळीच उमललेला मोगरा घेणारा फसला म्हणायचा. त्याची रात्र होऊन गेलेली असते.

सहा वाजून गेले तशी गर्दी वाढली. हारवाले, मंडपवाले, देवळांची माणसं आली, भाव चढ्या आवाजात ठरू लागले. आता पाय ठेवायला जागा नव्हती. मावशींनी पानात बांधून दिलेली कळ्यांची पुडी पर्समध्ये टाकली आणि ऑफिसच्या धबडग्यात साफ विसरून गेले.

संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, वांद्र्याच्या आसपास समोरच्या बाकावरच्या दोघीतिघी एकाएकी आपापले अंबाडे चाचपू लागल्या.