‘आमची ताई घरातलीच आहे’ म्हणतो, पण तिची सुटी कोण ठरवतं?

घरी बाळ सांभाळणाऱ्या बाईबद्दल “ती आमच्या घरातलीच आहे” असं आपण सहज म्हणतो. या वाक्यात काय लपतं, हे कायली रीड या अमेरिकी लेखिकेची ‘सच अ फन एज’ ही पहिली कादंबरी दाखवते. २०२० च्या बुकर पुरस्काराच्या लाँगलिस्टमध्ये ती होती.

गोष्ट काय आहे?

फिलाडेल्फियातली २५ वर्षांची कृष्णवर्णीय एमिरा एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबातली लहान मुलगी सांभाळते. मुलीचे वडील टीव्हीवर वर्णद्वेषी वाटेल असं काही बोलून जातात आणि रात्री कुणीतरी घरावर अंडी फेकतं. पोलीस येईपर्यंत मुलीला बाहेर ने, म्हणून एमिराला बोलावलं जातं. ती मुलीला जवळच्या महागड्या दुकानात नेते. तिथला सुरक्षारक्षक तिच्यावर मूल पळवल्याचा संशय घेतो.

यानंतर मालकीण अलीक्सला एमिराशी मैत्री करायची असते. त्यासाठी ती तिच्या मोबाइलवरचे मेसेजही चोरून पाहते. एमिराची चिंता वेगळीच असते. २६ वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या आरोग्य विम्यातून तिचं नाव जाणार आणि या नोकरीत विमा नाही.

आपल्याकडे काय?

इथे वर्णाच्या जागी बहुतेकदा जात आणि गरिबी असते. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून पुण्यात पोट भरायला गेलेल्या अनेक बायका घरकामच करतात. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ आणि सुटी या त्यांच्या मागण्या होत्या.

कायदा काय सांगतो?

राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. पण हा कायदा कल्याणकारी मदतीचा आहे. पगार किती आणि सुट्या किती, हे घरमालकच ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं.

अलीक्स दुष्ट नाही, म्हणूनच ही कादंबरी आपल्यालाही लागू होते. दिवाळीला साडी देणारं घर आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापतं का, हे एकदा पाहायला हवं.