विश्लेषण : सलाईन लावल्यावर तरतरी येते, पण दर आठवड्याला लावणे योग्य आहे का?

‘‘डॉक्टर, एक सलाईन लावा, म्हणजे बरे वाटेल,’’ ही मागणी दवाखान्यांत नेहमीची. बहुतेक वेळा तिची गरज नसते. मात्र काही दीर्घकालीन आजारांत सलाईनने खरोखरच आराम पडतो. मग ती नियमित का देत नाहीत?

‘रक्त कमी’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ म्हटले की हिमोग्लोबिन आठवते. मात्र हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही शरीरातील रक्ताचे एकूण आकारमान कमी असू शकते. प्रौढ व्यक्तीत साधारण पाच लिटर रक्त असते. उभे राहताच त्यातील अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पोट आणि पायांकडे उतरते. मुळात साठाच कमी असेल तर मेंदूकडे पुरेसे रक्त पोहोचवण्यासाठी हृदयाला धावपळ करावी लागते. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या काही रुग्णांत आणि ‘पॉट्स’ या विकारात असे आढळते.

‘पॉट्स’ काय आहे?

पॉट्स म्हणजे पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढतात. १२ ते १९ वयोगटात ही मर्यादा ४० आहे. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. सोबत चक्कर, धडधड, थकवा असतो. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि अनेकांची ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते. करोनानंतरही काहींमध्ये हा विकार दिसला आहे.

सलाईनने बरे का वाटते?

नॉर्मल सलाईनच्या एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ आणि पाणी असते. त्यात कॅलरी शून्य, म्हणजे ‘ताकद’ अशी काही नसते. ती फक्त रक्तवाहिन्यांतील द्रव वाढवते, त्यामुळे उभे राहिल्यावरची धडधड कमी होते. मात्र त्यातील साधारण पाव हिस्साच रक्तवाहिन्यांत टिकतो. उरलेला ऊतींमध्ये झिरपतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो.

मग धोका कशात?

अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या २०१५ मधील तज्ज्ञ-सहमतीनुसार, पॉट्सच्या रुग्णाची प्रकृती अचानक खालावल्यास दोन लिटरपर्यंत सलाईन देणे रास्त आहे. नियमित सलाईनची शिफारस मात्र नाही, कारण त्यासाठी पुरेसा पुरावा नाही. वारंवार सुई टोचल्याने शिरा खराब होतात. कायमची नळी बसवल्यास जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा द्रव फुप्फुसांत साचू शकतो.

पर्याय कोणते?

याच सहमतीत पॉट्ससाठी दिवसाला दोन ते तीन लिटर द्रव आणि १० ते १२ ग्रॅम मीठ सुचवले आहे. हे प्रमाण निरोगी माणसासाठी नाही, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. उच्च रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, पॉट्स असलेल्या तरुण रुग्णांना तोंडाने दिलेल्या ओआरएसचा उपयोग सलाईनइतकाच झाला. पाय आणि पोटावर दाब देणारे कपडे, बसून किंवा आडवे राहून करायचे व्यायाम आणि काहींना औषधे यांचीही मदत होते. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये मात्र श्रमानंतर त्रास वाढू शकतो, त्यामुळे व्यायाम विचारूनच करावा.

डॉक्टरांकडे काय मागावे?

आधी सलाईन नव्हे, तपासणी मागावी. पाच ते दहा मिनिटे आडवे पडून, नंतर उभे राहून दहा मिनिटांपर्यंत नाडी आणि रक्तदाब मोजण्यास सांगावे. ॲनिमिया, थायरॉइड आणि इतर कारणेही तपासून घ्यावीत. घरी नाडी मोजायची असल्यास कुणीतरी जवळ असावे. चक्कर आल्यास लगेच आडवे व्हावे. ही आकड्यांची नोंद दाखवल्यास तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारणे कठीण होते आणि सलाईनची खरोखर गरज कधी आहे, हेही ठरवता येते.