पिवळ्या बसचा पिवळा दिवा

ड्रायव्हर अजूनही त्याला सायलेन्सरच म्हणतात. पण बीएस-६च्या डिझेल स्कूलबसखाली जी नळकांडी लटकलेली असतात, त्यांत आवाज दाबणं हे सगळ्यात किरकोळ काम उरलं आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-४ची नवी गाडी विकता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २४ ऑक्टोबर २०१८ला दिला आणि मधली पाचवी पायरी गाळून देश थेट सहावीवर गेला. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची, म्हणजे नॉक्सची, मर्यादा किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आली. नुसत्या पंप-नोझलच्या सेटिंगने एवढी घट साधत नाही. म्हणून बहुतेक मोठ्या बसमध्ये आता आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, मग काजळी अडवणारा डीपीएफ आणि शेवटी युरियाच्या द्रावणाने नॉक्स मोडणारा एससीआर, अशी रांग असते. या वाटेवर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले: तीन-चार तापमानाचे, एक दाबातला फरक मोजणारा, दोन नॉक्सचे, शिवाय युरियाच्या टाकीतला वेगळाच.

यातल्या एकाने जरी तक्रार केली, तरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दुर्लक्ष केलं तर काही काळाने कंट्रोल युनिट इंजिनाची ताकदच कमी करतं. मग बस पिकअप घेत नाही, जालन्याहून राजूरच्या वाटेवर चढाला दम टाकते, आणि शाळेची घंटा तर ठरल्या वेळीच होते. अशी बस गॅरेजला आली की स्कॅनर लावला जातो, कोड निघतो आणि निकाल लागतो, ‘सेन्सर गेला.’ नॉक्स सेन्सरची किंमत पाच आकड्यांत जाते. तो बदलूनही पंधरा दिवसांत दिवा परत लागला, की शाळेच्या ट्रस्टींचा मिस्त्रीवरचा, मिस्त्रीचा कंपनीवरचा आणि सगळ्यांचा मिळून बीएस-६वरचा विश्वास उडतो.

माझ्या मते घोळ सुरू होतो तो कोड वाचण्यातच. कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब. गुन्हेगाराचं नाव त्यात असेलच असं नाही. अनेक बसमध्ये कोड दोन आकड्यांत येतो, पहिला, एसपीएन, जागा सांगतो, दुसरा, एफएमआय, बिघाडाचा प्रकार. एसपीएन ३२२६ म्हणजे शेवटचा, बाहेर जाणाऱ्या धुराचा नॉक्स सेन्सर. पण त्यापुढे एफएमआय ९ असेल, तर सेन्सरचा निरोप कंट्रोल युनिटपर्यंत वेळेवर पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वायर, फ्यूज, कपलर आधी बघायचे. एसपीएन ४३६४ तर सेन्सरचा कोडच नव्हे. एससीआरचं काम कमी पडतंय, असं तो म्हणतो. हा कोड बघूनही सेन्सर बदलणारे आहेत.

नॉक्स सेन्सर ही मोठी नाजूक चीज आहे. झिरकोनियाची बोटभर सिरॅमिक पट्टी, आत दोन सूक्ष्म खोल्या. पहिल्या खोलीत धुरातला मोकळा ऑक्सिजन खेचून बाहेर काढला जातो. दुसऱ्या खोलीत नॉक्स फोडलं जातं आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजन मोजून नॉक्सचा अंदाज बांधला जातो. त्यासाठी पट्टी सुमारे ८०० अंशांपर्यंत तापावी लागते. अशा तापल्या पट्टीवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. म्हणून पाइपमधली ओल सुकल्याची खात्री होईपर्यंत कंट्रोल युनिट तिचा हीटर पूर्ण चालूच करत नाही. शिवाय या सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक धड कळत नाही. युरिया गरजेपेक्षा जास्त फवारला गेला, तर उरलेला अमोनिया शेवटच्या सेन्सरला नॉक्सच वाटतो. कंट्रोल युनिट मानतं की युरिया कमी पडतोय. दोष असतो फवाऱ्यात, आणि बळी जातो सेन्सरचा.

आता हीच यंत्रणा जालन्याच्या स्कूलबसमध्ये कशी जगते ते बघा. नियमाने स्कूलबसचा वेग ६० किलोमीटरवर बांधलेला. सकाळी बदनापूर किंवा अंबडकडच्या खेड्यांतून दर वस्तीला थांबत, मंठा चौफुलीच्या गर्दीत रांगत ती शाळेत पोचते आणि दुपारपर्यंत उभी राहते. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने पळणाऱ्या ट्रकचा धूर तापलेला असतो. या बसचा नसतो. धूर साधारण २०० अंशांच्या वर गेल्याशिवाय युरिया नीट फवारता येत नाही, आणि डीपीएफमधली काजळी जाळून काढायला ५५०-६०० अंश लागतात. जाळणं सुरू होतं न होतं तोच शाळेचं फाटक येतं आणि ड्रायव्हरकाका चावी फिरवतात. अर्धवट राहिलेली ही सफाई रोज साठत जाते.

त्यात मे महिना. बस दीड महिना उन्हात, लिंबाच्या सावलीत जागा मिळाली तर तिथे. युरियाच्या द्रावणाचं आयुष्य ३० अंशांना साधारण वर्षभर, ३५ अंशांना सहा महिने. मराठवाड्यातला मे चाळिशीच्या पुढचा. फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि सगळ्या बस एकदमच गॅरेजला. शेजारी देऊळगाव राजाला शाळा विदर्भाच्या वेळापत्रकाने उशिरा उघडतात, तेवढी तिथल्या मिस्त्रींना उसंत.

निदानाची सगळ्यात चांगली वेळ भल्या पहाटेची, आणि ती फुकट आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करायची आणि स्कॅनरवर जिवंत आकडे बघायचे. धुराच्या वाटेवरचे सगळे तापमान सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच, म्हणजे जवळपास सारखं तापमान दाखवायला हवेत. बाकीचे २२ दाखवत असताना एकच ९० दाखवत असेल, तर संशयित सापडला. त्याच वेळी डीपीएफच्या दाबातला फरक शून्याजवळ हवा. तो नसेल तर सेन्सर बदलण्याआधी त्याच्या दोन रबरी नळ्या काढून बघाव्यात: चिरलेल्या, काजळीने बुजलेल्या, किंवा मागच्या कामात उलट्या लावलेल्या सापडतात. नॉक्स सेन्सरचं माप मल्टिमीटरने कळत नाही, कारण तो स्वतःच्या छोट्या कंट्रोलरमार्फत कॅन लाइनवर, म्हणजे निरोपांच्या सामाईक वायरींवर, बोलतो. मीटरने तपासायचं ते त्याला मिळणारं व्होल्टेज, अर्थिंग आणि लाइनच. बॅटरी तोडून कॅनच्या दोन वायरींमध्ये रोध मोजला तर दोन टोकांच्या १२०-१२० ओहममुळे ६०च्या आसपास यावा. १२० आला तर कुठेतरी एक टोक तुटलंय.

मग युरिया. द्रावणात युरिया ३२.५ टक्के हवा, आणि ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. हे यंत्र जालन्याला परकं नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या मोसंबीची गोडी याच तत्त्वाच्या यंत्रावर मोजतात; फक्त पट्टी वेगळी. काचेवर एक थेंब टाकला की पाणी मिसळलंय का ते कळतं. खताच्या गोणीतला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून स्वस्तात द्रावण बनवणारे मात्र या थेंबातून सुटतात, कारण टक्केवारी बरोबर भरू शकते. गोणीतल्या युरियाला २०१५पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे; तो लेप आणि पाण्यातले क्षार फवाऱ्यात नि कॅटॅलिस्टवर बसतात. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे, ते वेगळंच. अशा टाकीला नवा सेन्सर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

शेवटी तो डबा. नॉक्स सेन्सरच्या जागी खोटा ‘सगळं ठीक’ निरोप पाठवणारा इम्युलेटरचा डबा बाजारात मिळतो. दिवा विझतो, ताकद परत येते, युरियाचा खर्चही वाचतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम असे फेरफार करू देत नाही. पण डिझेल गाडीची पीयूसी धुराचा काळेपणा मोजते, नॉक्स मोजतच नाही, त्यामुळे हा डबा लावलेली बसही आरामात पास होते. ज्या स्कॅनरने जिवंत आकडे बघता येतात, तो फिटनेस तपासणीच्या दिवशी पाच मिनिटं लावला तर हा डबा लपणं अवघड आहे: भर चढावर आणि उभ्या बसमध्ये नॉक्सचा आकडा तोच राहिला, की ओळखायचं.