मागल्या वर्षाचें पंचांग आणि विमानाचा मार्ग

वसई तालुक्यांतील वटार हें आमचें किनाऱ्यालगतचें गांव. विमानाचा आवाज येथें नवा नाहीं; आतां तर तें घरांतील संगणकावरहि हांकतां येतें. फ्लाइट सिम्युलेटर या नांवाचा हा खेळ केवळ पोरखेळ समजणें चुकीचें होय. भूगोल, गणित आणि हवामान यांचें पुष्कळसें ज्ञान त्यांतून नकळत होतें. परंतु त्यासाठीं मार्ग आंखून देणारें साधन जेव्हां अडून बसतें, तेव्हां खरी परीक्षा संगणकाची नसून आपल्या विचारशक्तीची असते.

असाच एक प्रसंग नुकताच आमच्या घरीं घडला. आमच्या पुतण्यानें नागपुराहून नवी मुंबईस उड्डाण करण्याचा बेत केला. साधनानें मार्ग तत्काळ लिहून दिला. पण सिम्युलेटर तो घेईना. ‘असा विमानतळच नाहीं’ हें त्याचें उत्तर! वाटेंतील दोन बिंदूहि त्यास सांपडेनात. पोरानें रात्र जागून सारा प्रोग्राम पुसला व पुन्हां बसविला. सकाळीं पाहावें तों दोष जेथल्या तेथेंच.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आकाशांतील मार्ग ठराविक बिंदूंनीं आंखलेले असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांना पांच अक्षरांचीं नांवें असतात. हे बिंदू, मार्ग व धावपट्ट्या यांत वारंवार फेरफार होतात; म्हणून जगभर त्या माहितीची नवी आवृत्ति दर २८ दिवसांनीं, गुरुवारीं, अंमलांत येते. या व्यवस्थेस ‘एअरॅक’ म्हणतात. आवृत्तीच्या चार अंकांपैकीं पहिले दोन वर्षाचे व पुढचे दोन अनुक्रमाचे. २५१३ म्हणजे २०२५ सालची तेरावी आवृत्ति. ती २५ डिसेंबर २०२५ रोजीं लागू झाली, आणि नवी मुंबईच्या विमानतळावरील प्रवासी वाहतूकहि त्याच दिवशीं सुरू झाली.

आमच्या येथें साधन नव्या आवृत्तीचें, तर सिम्युलेटर चार वर्षांपूर्वींच्या. गतवर्षाच्या पंचांगांत यंदाची एकादशी शोधण्याचाच हा प्रकार! प्रोग्राम पुन्हां बसविल्यानें जुनेंच पंचांग परत आलें, इतकेंच.

तेव्हां अशा वेळीं क्रम असा ठेवावा. प्रथम दोहोंकडील चार अंक ताडून पाहावे. ते जुळत नसतील तर दोहोंकडे एकच आवृत्ति घालावी. आवृत्ति जुळूनहि धावपट्टी दिसत नसेल, तर बिंदूंची माहिती व जमिनीचें दृश्य हीं दोन निराळीं असतात हें ध्यानीं घ्यावें. दृश्य वेगळें मिळवावें लागतें. नंतर सबंध मार्ग नकाशावर डोळ्यांनीं पाहावा. एकाच नांवाचे बिंदू जगांत अनेक ठिकाणीं असूं शकतात; भलताच निवडला गेला तर रेघ परदेशीं जाऊन परत येते. तुटलेला दुवा मात्र डोळे मिटून सांधूं नये. कांहीं ठिकाणीं तो मुद्दामच ठेवलेला असतो, आणि तेथून पुढें नियंत्रक दिशा सांगतो.

खेळांत एवढा काटेकोरपणा कशाला, असें कोणी म्हणेल. २८ नोव्हेंबर १९७९ रोजीं एअर न्यूझीलंडचें विमान अंटार्क्टिकांतील एरेबस पर्वतावर आदळलें व त्यांतील सर्व २५७ माणसें मृत्यु पावलीं. वैमानिकांना पूर्वीं समजावून दिलेला मार्ग एक होता. निघण्याच्या कांहीं तास आधीं संगणकांतील आंकडे बदलण्यांत आले, आणि ही गोष्ट त्यांना कळविलीच गेली नाहीं. दोन नोंदींचा मेळ सुटला, कीं काय होऊं शकतें याचें याहून दारुण उदाहरण कोणतें?

आमच्या पुतण्यानें आवृत्ति जुळविली, दृश्य मिळविलें, आणि सायंकाळीं त्याचें विमान नवी मुंबईस सुखरूप उतरलें. आतां प्रत्येक उड्डाणापूर्वीं तो आधीं ते चार अंक वाचतो. त्या उतरण्यापेक्षां या संवयीचें मोल आम्हांस अधिक वाटतें.